पावती

क्विलारीच्या जत्रेच्या मैदानावर,
जिथे दरसाल मेंढ्यांना बक्षिसं मिळतात
त्या पत्र्याच्या शेडमध्ये सरकार आलं होतं.
म्हणजे मी, नोएलीन हॅगर्ट, पोस्टातून उसनी आणलेली कारकून,
एक डुगडुगतं टेबल, त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी,
कार्बन पेपर, दरांचा तक्ता,
आणि दारापाशी एक कॉन्स्टेबल,
जो येणाऱ्या प्रत्येकाला नावानं ओळखत होता
आणि म्हणूनच कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हता.

दक्षिणेच्या बेटावर त्या रविवारी जे झालं
त्याला वर्ष होत आलं होतं.
इथे काहीच झालं नव्हतं, असं सगळे म्हणत.
आमच्या बंदुकांनी कुणाचं काय वाकडं केलं?
ससे मारले, कोल्हे मारले, पाय मोडलेला एक घोडा.
दुसऱ्याच्या पापाची शिक्षा आम्हाला का?
मी म्हणायचे, इथे सही करा.

कुणी ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणी,
एकीनं तर इस्त्री केलेल्या उशीच्या अभ्र्यात आणली.
एकानं टेबलावर आदळली, म्हणाला,
घे, घाल तुझ्या सरकारच्या घशात.
मी नळीवरचा नंबर दोनदा तपासला.
घसा कोरडा पडला होता, माझाच.

तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी, मर्व्ह ट्रॅन्टर आला.
बंदूक त्यानं अशी ठेवली
की जणू झोपलेलं कुणी जागं होईल.
बावीस बोअर, आपोआप भरणारी. तक्त्यात होती.
मालक?
कॉलिन.
मग सही त्यालाच करावी लागेल.
त्याला नाही जमायचं, म्हातारा म्हणाला.
एकोणऐंशी साली. पाण्याच्या टाकीमागे.
सतरा वर्षांचा. निकालाची भीती नाही, पोरीचं प्रकरण नाही,
एक वाईट दुपार होती, इतकंच.
अशा दुपारी कुणाला चुकल्यात?
पण ही दाराआड होती.
हात लांबवला की लागेल अशी.

इतकी वर्षं का ठेवलीत, हे मी विचारायला नको होतं.
फॉर्मात तो रकानाच नाही.
टाकू कुठे, तो म्हणाला.
नदीत टाकावी, तर उन्हाळ्यात नदी आटते.
विकावी, तर दुसऱ्या कुणाच्या तरी दाराआड.
कुणीतरी मागायला यायला हवं होतं.

मग म्हणाला, पट्टा तेवढा देशील? मी शिवलाय तो.
नियम स्पष्ट होता: सर्व भागांसह जमा.
कॉन्स्टेबलनं त्या तीन दिवसांत पहिल्यांदा
कुणाच्या तरी डोळ्यांत बघितलं
आणि सिगारेट ओढायला बाहेर गेला.
मी बक्कल सोडलं.
चामडं मऊ होतं, नुकतंच तेल दिल्यासारखं.

चेकचं त्यानं काय केलं कोण जाणे.
कुत्र्याच्या पायाचं ऑपरेशन केलं म्हणतात.

संध्याकाळी दाबयंत्र सुरू झालं.
आवाज काही मोठा नव्हता,
रिकामा डबा पायानं चेपावा तेवढाच.
सगळी मिळून दोनशे अकरा.
रात्री हिशेब लागेना म्हणून पुन्हा मोजल्या,
दोनशे अकराच.
त्यानंतर क्विलारीत किती दुपारी नुसत्याच सरल्या,
वाईट, लांबलचक, आणि संध्याकाळी चहा करून संपलेल्या,
ते कुठल्या वहीत लिहायचं?
जे घडलं नाही त्याची पावती फाडता येत नाही.

जन्मभर मी सरकारला शिव्याच घातल्या.
रस्त्यासाठी, आईच्या पेन्शनसाठी,
तीन निवडणुका नुसत्या भाषणात उभ्या राहिलेल्या पुलासाठी.
अजूनही घालते.

पुढच्या हिवाळ्यात पार्सल घेऊन ट्रॅन्टरकडे गेले.
दार पुरतं उघडलं, तेव्हा मागचा खिळा दिसला.
त्याला पट्टा, आणि पट्ट्याला कुत्र्याची साखळी.
त्यानं सही केली, पेन परत दिलं,
मला फाटकापर्यंत जाऊ दिलं
आणि मग मागून ओरडला,
आणि तो पूल?
तो कधी बांधताय?